अबू धाबीतले खजूर सांडपाण्यावर जगतात, मग आमच्या सोसायटीचा एसटीपी बंद का?

वाळवंटी_वऱ्हाडी | सोमवार, सकाळी ८.४०

मंडळी, राम राम. सतरा वर्षं अबू धाबीत काढून मागच्या दिवाळीला नागपुरात कायमचा परत आलो. तिथं माझं काम एकच होतं, बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना पाणी देणाऱ्या नळांची देखभाल. त्या पाण्याला तिथं साहेबापासून मजुरापर्यंत सगळे 'टीएसई' म्हणतात. म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी. पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. त्याला वीज इतकी लागते की ते झाडाच्या मुळाशी ओतायचं कुणाच्या मनातही येत नाही. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरची हिरवळ, विमानतळाच्या वाटेवरचे खजूर, दुभाजकातली फुलझाडं, मी पाहिलं ते सगळं टीएसईवर.

आता राहतो बेसा भागात, १८० फ्लॅटच्या सोसायटीत. बिल्डरने एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, बांधून दिला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा हवा सोडणारा ब्लोअर जळाला आणि तेव्हापासून खोलीला कुलूप. उन्हाळा लागला की रोज टँकर येतात, आणि संध्याकाळी त्याच टँकरच्या पाण्याचा लॉनवर फवारा चालतो. मला ते बघवत नाही, खरंच सांगतो.

येत्या रविवारी सभा आहे. एसटीपी दुरुस्त करून ते पाणी बागेला आणि फ्लशला वापरावं असा ठराव मी मांडणार आहे. निम्मे लोक विरोधात आहेत. वास येईल, रोगराई होईल, खर्च वाढेल, 'आपण काय दुबईत राहतो का' असं म्हणतात. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत चालू आहे का? अनुभव सांगा, विरोधातले आधी सांगा.

संत्राबर्फी | सोमवार, सकाळी ९.०५

पहिला प्रतिसाद माझा! ते पाणी कूलरमध्ये चालेल का हो काका? मे महिन्यात आमचे तीन कूलर मिळून दिवसाला दोनशे लिटर सहज पितात. घरात माणसांपेक्षा कूलरला जास्त पाणी लागतं.

सूक्ष्मजीव | सोमवार, सकाळी ९.३०

संत्राबर्फी ताई, कूलरमध्ये अजिबात नको. कूलर पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडतो आणि ते थेट छातीत जातात. लिजिओनेला नावाचे जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि तुषारांतूनच फुप्फुसात शिरतात. साध्या नळाच्या पाण्यावर चालणारा कूलरसुद्धा आठवड्याला घासून धुवावा. शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशला, झाडांच्या मुळाशी, बांधकामाला. त्याच कारणासाठी लॉनवर फवारा उडवायचा तर मुलं खेळत नसतील अशा वेळी, रात्री उशिरा.

मी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आता तास आहे.

धंतोलीकर | सोमवार, सकाळी १०.१५

धागा चांगला आहे, पण तुलना मुळात चुकीची वाटते. अबू धाबीत वर्षाला शंभर मिलीमीटरही पाऊस पडत नाही. नागपुरात सरासरी अकराशेच्या आसपास पडतो. आपल्याकडे पेंच आहे, कन्हान आहे, गोरेवाडा आहे. त्यांनी सांडपाणी वापरलं कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. आपण तो खर्च का करायचा? तोच पैसा गळक्या नळांवर आणि पावसाचं पाणी जिरवण्यावर लावा.

वाळवंटी_वऱ्हाडी | सोमवार, सकाळी १०.५०

धंतोलीकर, पाऊस जिरवण्याशी माझं काहीच भांडण नाही, तेही व्हावं. पण २०१९ चा जुलै आठवा. पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं होतं आणि नागपुरात दिवसाआड पाणी होतं. मी तेव्हा अबू धाबीत होतो. आई फोनवर म्हणायची, पिंपं भरून ठेवली आहेत, तू काळजी करू नको. मी वाळवंटात राहून रोज अंघोळ करत होतो आणि अकराशे मिलीमीटर पावसाच्या गावात माझी आई बादल्या मोजत होती. पाऊस चार महिन्यांचा असतो, सांडपाणी बारा महिने येतं. पाऊस पडो न पडो, ते आटत नाही.

टर्बाइन_६६० | सोमवार, दुपारी १२.२०

मी औष्णिक वीज केंद्राच्या पाणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. या विषयात नागपूरला कुणाकडून उधारीवर काही घ्यायची गरज नाही, हे नागपूरकरांनाच ठाऊक नसतं.

भांडेवाडी म्हटलं की आपल्याला कचऱ्याचे डोंगर आठवतात. त्याच भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध होतं. एक केंद्र १३० एमएलडीचं, दुसरं २०० चं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. महापालिका आणि सरकारी वीज कंपनी महानिर्मिती यांच्या करारातून हे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, खापरखेड्याच्याही. तिथं ते कूलिंग टॉवरमध्ये वापरतात. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे करणाऱ्या पहिल्या शहरांत आपलं नाव आहे.

केवढ्याची बचत ते बघा. कोराडीचे नवे तीन संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे, मिळून १९८०. नव्या केंद्राला दर मेगावॅट-तासाला साधारण तीन घनमीटर पाण्याची मर्यादा धरा. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर तासाला सहा हजार घनमीटर, दिवसाला १४० एमएलडीच्या घरात. एवढं पाणी पेंचमधून घेतलं असतं तर शहराच्या आणि शेतकऱ्याच्याच वाट्याचं गेलं असतं. २०१६ च्या वीजदर धोरणात तर स्पष्टच म्हटलं आहे की सांडपाणी केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी ते शुद्ध केलेलं पाणी वापरावं.

आता त्रासाचंही सांगतो. सांडपाण्यात अमोनिया राहिला की वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या पितळी नळ्या खातो. फॉस्फेट राहिलं की कॅल्शियमबरोबर पांढरं कवच धरतं. सेंद्रिय अंश राहिला की आत शेवाळी, बुळबुळीत थर चढतो. पाणी काचेसारखं दिसायचं आणि नमुन्यात अमोनिया निघायचा, हे मी कित्येकदा पाहिलं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. तुमच्या एसटीपीतही रोज तपासणी होणार नसेल तर सुरूच करू नका.

संत्राबर्फी | सोमवार, दुपारी १२.४१

म्हणजे आमच्या घरचा कूलर ज्या विजेवर चालतो ती आमच्याच फ्लशच्या पाण्यावर थंड झालेली! काका, हे मी आज शाळेत सांगणार आहे, पोरं वेडी होतील.

कन्हानकाठ | सोमवार, दुपारी ३.१०

शहरवाल्यांचं वाचून राहिलो सकाळपासून. आता खालच्या अंगाचं ऐका बाप्पा.

नाग नदी म्हणता तुम्ही, आमच्या इकडं ती येते तोवर नालाच असते. पुढं कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, अन् ते सारं गोसीखुर्दच्या धरणात. जेवढं भांडेवाडीत साफ होते तेवढं कोराडीले जाते. जे होत नाही ते आमच्या वाट्याले येते. आमच्या शेजारी लोक त्याच पाण्यावर पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) लावतात. काहून लावतात? बारमाही पाणी आहे अन् त्यात खताचा अंश आहे. पीक जोमानं येते. तीच जुडी तुम्ही सकाळी घेता.

माह्या वडिलांनं दहा वर्षं ते पाणी देल्लं. पायाले फोड आले, बोटांत चिखल्या झाल्या, तेव्हा बंद केलं. आता विहिरीवर करतो, एकाच एकरात. साफ केलेलं पाणी आम्हाले द्या न. वीज केंद्राले पाइप टाकता येतो, शेतकऱ्याले काहून नाही?

सूक्ष्मजीव | सोमवार, सायंकाळी ६.३०

कन्हानकाठ दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तुमच्या वडिलांना झालं ते कच्च्या सांडपाण्यात उभं राहणाऱ्या कुणालाही होऊ शकतं. जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने तग धरतात, म्हणून पाणी देणाऱ्यालाही धोका आणि कच्ची भाजी खाणाऱ्यालाही. सांभार आपण वरून कच्चाच घालतो, तो शिजतही नाही.

शुद्धीकरणाचे टप्पे सोप्या भाषेत. आधी जाळीने चिंध्या, प्लॅस्टिक अडवायचं, मग वाळू खाली बसू द्यायची. मग मोठ्या हौदात हवा सोडायची. ब्लोअर असतो तो त्यासाठी. हवा मिळाली की जिवाणू घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या गाळणीतून काढायचं आणि शेवटी अतिनील किरण किंवा क्लोरीन देऊन जंतू मारायचे. हवा थांबली की चांगले जिवाणू काही तासांत मरायला लागतात आणि सडका वास सुटतो. लोक म्हणतात एसटीपी घाण वास मारतो. वास मारतो तो बंद पडलेला किंवा उपाशी ठेवलेला एसटीपी.

लालसमुद्र | सोमवार, रात्री ११.५५

जेद्दाहून लिहितोय. मूळचा नागपूरच्या महाल भागातला. इथं २००५ पासून आहे. कन्हानकाठ यांचं वाचलं आणि झोप येईना.

धंतोलीकर म्हणाले, वाळवंटातल्या शहरांना इलाज नव्हता म्हणून त्यांनी सांडपाणी वापरलं. सगळ्यांनी नाही वापरलं. मी आलो तेव्हा जेद्दाच्या बऱ्याच मोठ्या भागात गटारांचं जाळंच नव्हतं. घराखाली खड्डा, खड्डा भरला की पिवळा टँकर येणार, उपसणार आणि शहराच्या पूर्वेला डोंगरांपलीकडे वाळवंटात नेऊन रिकामा करणार. वर्षानुवर्षं हजारो टँकर. त्याचा तलाव झाला. लोकांनी त्याला नाव दिलं 'बुहैरत अल मिस्क'. मिस्क म्हणजे कस्तुरी. त्या रस्त्याने आमची गाडी जायची तेव्हा काचा बंद करूनही डोळे चुरचुरायचे.

समुद्राचं पाणी गोडं करायचं, अफाट किमतीचं, ते एकदा वापरायचं आणि वाळवंटात फेकायचं. जे खड्डे उपसले जात नसत त्यांचं पाणी जमिनीत मुरायचं. शहराखालची भूजल पातळी वर आली, तळघरांत ओल, इमारतींच्या पायाला मिठाचे पांढरे पट्टे. पाणी नसलेल्या गावात तळघरं पाण्याने भरत होती.

२५ नोव्हेंबर २००९, हजचा पहिला दिवस. सकाळपासून पाऊस. काही तासांत वर्षभराचा पाऊस पडला. कोरड्या ओढ्यांच्या वाटेवर वस्त्या झाल्या होत्या. पाणी आलं ते गाड्यांना काडेपेटीसारखं वाहून नेत आलं. शंभराहून जास्त माणसं गेली. आमच्या कंपनीतला एक केरळी ड्रायव्हर टपावर बसून वाचला. आणि त्या रात्री सगळं शहर एकाच गोष्टीला घाबरलं होतं, तो घाणीचा तलाव फुटला तर? बांध टिकला म्हणून बरं. मग राजाच्या हुकमाने पुढच्या वर्षभरात तलाव उपसून रिकामा केला, गटारांची, शुद्धीकरणाची कामं जोरात निघाली. आज त्याच शहरातल्या बागा शुद्ध केलेल्या पाण्यावर आहेत.

वाळवंटी_वऱ्हाडी, तुम्ही अबू धाबीचे खजूर दाखवा, जरूर दाखवा. पण सभेत हा कस्तुरीचा तलावही सांगा. तुमच्या सोसायटीचं पाणी आज कुठं जातं, हा प्रश्न विचारा.

नाग_नदीकाठी | मंगळवार, सकाळी ७.२०

लालसमुद्र दादा, वाचताना अंगावर काटा आला. आमचं घर अंबाझरी लेआउटला. २३ सप्टेंबर २०२३, पहाटे. चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस आणि अंबाझरी ओसंडला. झोपेतून उठून पाय खाली ठेवला तो पाण्यात. सासूबाईंना जेवणाच्या टेबलावर बसवलं. पाणी ओसरल्यावर जो चिखल राहिला तो नुसता मातीचा नव्हता, गटाराचा होता. गाद्या, पुस्तकं, लग्नाचे शालू, सगळ्याला तो वास. तीन महिने गेला नाही.

पूर आणि सांडपाणी वेगळे विषय आहेत असं मला वाटायचं. तसं नाही. नदीला आपण गटार केलं की पूर आल्यावर नदी ते गटार घरात परत आणून देते.

धंतोलीकर | मंगळवार, सकाळी ८.०५

लालसमुद्र, नाग_नदीकाठी, दोघांचे आभार. काल जरा घाईत लिहिलं. पाऊस जास्त म्हणून प्रश्न नाही, हे माझं म्हणणं मागे घेतो. खर्चाचा मुद्दा मात्र उभा आहे. कुणी हिशेब मांडेल का?

कुवेतची_वहिनी | मंगळवार, सकाळी ९.१०

हिशेबाआधी माझे दोन पैसे. यजमान कुवेतला पाण्याच्याच क्षेत्रात होते, मीही अकरा वर्षं तिथं. कुवेतचं सुलैबिया केंद्र २००४ ला सुरू झालं. तेव्हाची क्षमता दिवसाला पावणेचार लाख घनमीटर, म्हणजे ३७५ एमएलडी. वर टर्बाइन काकांनी दिलेले १३० आणि २०० मिळवा, ३३०. भांडेवाडी सुलैबियाच्या जवळपास आहे हो! तेव्हा आपण लहान शहर, आपल्याला काय जमणार, हे मनातून काढून टाका.

फरक शेवटच्या टप्प्यात आहे. तिथं सांडपाणी आधी अर्दिया इथं गाळून घेतात, मग सुलैबियाला नेऊन अतिसूक्ष्म पडद्यांतून आणि शेवटी आरओतून काढतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंच तत्त्व, प्रचंड मोठ्या प्रमाणावर. पाणी पिण्याच्या तोडीचं होतं, तरी तिथं ते पीत नाहीत. अब्दली आणि वफ्राच्या शेतीला जातं. आम्ही वफ्राच्या काकड्या आणि टोमॅटो वर्षानुवर्षं खाल्ले.

आरओ का लागतो? क्षारांसाठी. माणसाने पाणी एकदा वापरलं की लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम क्षार वाढतात, साबणाचे, मिठाचे, लघवीचे. शिवाय किनाऱ्यावरच्या शहरात गटारांच्या फटींतून खारं भूजल आत झिरपतं. नागपूर समुद्रापासून शेकडो मैल, तो दुसरा त्रास आपल्याला नाही.

कन्हानकाठ | मंगळवार, सकाळी ९.४०

वहिनी, मंग संत्र्याले चालेल का ते पाणी? माह्या मामाचा काटोलकडं बगीचा आहे.

वाळवंटी_वऱ्हाडी | मंगळवार, सकाळी १०.२५

याचं उत्तर मी देतो, हाताने केलेलं काम आहे. खजूर खारं पाणी सोसतो. संत्रं, लिंबू, मोसंबी क्लोराइडला फार नाजूक. पानांची टोकं आधी करपतात, मग पान गळतं. तिथं एका बंगल्यात मालकाने हौसेने लिंबाची झाडं लावली होती, सगळी टीएसईच्या लाइनवर. दोन उन्हाळ्यांत काड्या झाल्या. तेव्हा संत्र्याला द्यायचं तर आधी क्षार मोजा, मातीचा निचरा बघा आणि पावसाळ्यात जमीन धुऊन निघू द्या. आपल्याकडे पाऊस ते काम फुकटात करतो, वाळवंटात करत नाही. धंतोलीकरांचा पाऊस इथं आपल्या बाजूने आहे.

आणि तिथलं सगळंच आदर्श होतं असं नाही. माझी उमेदीची वर्षं होती तेव्हा शुद्ध केलेलं बरंच पाणी समुद्रात सोडलं जायचं, कारण ते पोचवायला पुरेसे नळ नव्हते. पाणी तयार, झाडं तहानलेली, मधे पाइप नाही. पुढे त्यांनी सांडपाण्यासाठी ४१ किलोमीटरचा खोल बोगदा खणला. अबू धाबी बेटापासून वाळवंटातल्या वथबापर्यंत मैला उताराने आपोआप जातो, शेवटाला बोगदा जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे वाटेतली कितीतरी पंपघरं बंद झाली. उष्ण देशात मैला गटारात रेंगाळला की हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, त्याचं आम्ल बनून काँक्रीटचे नळ आतून खातं. आमच्या चेंबरच्या लोखंडी पायऱ्या हातात तुटून यायच्या.

वथबाचीच एक गोष्ट. मफ्रकच्या सांडपाणी केंद्रातलं जादा पाणी तिथल्या खोलगट जागेत साठायचं. त्यावर फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, उतरायला लागले. १९९८ साली त्यांची पिल्लं झाली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी ती जागा राखीव करून टाकली. मी मुलांना घेऊन जायचो. सांडपाण्याच्या तळ्यात गुलाबी पक्ष्यांचे थवे उभे. धाकटी विचारायची, बाबा, तुम्ही यांचं पाणी सांभाळता का? मी हो म्हणायचो.

संत्राबर्फी | मंगळवार, सकाळी १०.३२

काका. शेवटच्या ओळीने रडवलंत.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी १.१५

मी सत्तर वर्षांची आहे, नातवाकडून टंकून घेते. सगळं पटतं, पण मनाची एक अडचण मोकळेपणी सांगते. आमच्या सोसायटीतही असा विषय निघाला होता. मी विरोध केला. खाली जास्वंदाची आणि कण्हेरीची झाडं आहेत, रोज पूजेला फुलं तिथलीच. त्याला संडासाचं पाणी घालणार म्हटल्यावर माझा हात फुलाला कसा लागावा? तुम्ही विज्ञान सांगाल, ते मला समजतं. हात तरी लागत नाही.

लालसमुद्र | मंगळवार, दुपारी ४.४०

आजी, तुमची अडचण खरी आहे आणि ती फक्त आपलीच नाही. सौदीत नमाजाआधी वुजू करतात, म्हणजे हात-पाय-तोंड धुतात, त्याचं पाणी पाकच असावं लागतं. सांडपाणी साफ केलं तर ते पाक होतं का, हा प्रश्न इथंही आला. १९७८ मध्ये इथल्या ज्येष्ठ उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, परिषदेने निर्णय दिला की पाण्याचा रंग, वास आणि चव पूर्ण मूळपदावर आली तर ते शुद्ध मानावं, वुजूलाही चालेल. पिण्यासाठी मात्र तब्येतीच्या काळजीने टाळावं असंच सुचवलं. आधी तज्ज्ञांना विचारलं, मग धर्म सांगणाऱ्यांनी तोंड उघडलं, हे मला फार आवडलं.

सूक्ष्मजीव | मंगळवार, सायंकाळी ५.०५

आजी, तुमच्यासाठी साधा मार्ग आहे. जास्वंद, तुळस, कढीपत्ता, गवती चहा एवढा वाफा साध्या पाण्यावर ठेवायचा. पूजेची अडचण सुटते, आणि कढीपत्ता, गवती चहा पोटात जातात म्हणून मीही तेच सांगेन.

आजीचा_बटवा | मंगळवार, सायंकाळी ५.५०

असं आमच्याकडे कुणी सुचवलंच नाही. मग माझी हरकत नाही. नातू म्हणतो, आजी, आता आपल्याकडेही पुन्हा विषय काढ.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ८.३०

धंतोलीकरांनी हिशेब मागितला. मी मनीषनगरच्या एका सोसायटीचा खजिनदार आहे, आमचा एसटीपी चालू आहे.

तुमचे १८० फ्लॅट, सरासरी चार माणसं, ७२० माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ८० टक्के गटारात येतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. ७२० ला गुणा, ७७ हजार लिटरच्या वर. फ्लशला माणशी ४५ लिटर धरतात, म्हणजे ३२ हजार ४०० लिटर. बागेला उन्हाळ्यात दहा-पंधरा हजार धरले तरी पाणी उरतं. फ्लश आणि बाग मिळून दहा हजारी चार टँकर रोजचे वाचतात. तुमच्याकडचा टँकरचा भाव तुम्हीच घाला आणि बघा.

खर्च म्हणाल तर ऑपरेटरचा पगार, ब्लोअरची वीज, क्लोरीन आणि वर्षातून काही वेळा गाळ उपसणं. सगळ्यात जड ऑपरेटर. आमची पहिली दोन वर्षं वाया गेली ती इथंच. कंत्राटदाराचा माणूस सकाळी येऊन बटण दाबायचा, वीज वाचवायला दुपारी ब्लोअर बंद करायचा. वास सुटला, लोक भडकले. मग आम्ही सोसायटीतल्याच एका मुलाला शिकवून पगारावर ठेवलं आणि ब्लोअर २४ तास चालू. वास गेला. आमचं झालेलं नुकसान तुमचं होऊ नये म्हणून लिहिलं.

टर्बाइन_६६० | बुधवार, सकाळी ९.००

हिशेबनीस +१. आणि रोजच्या नोंदीची वही ठेवा. माणूस बदलला तरी वही राहते.

मामाची_सायकल | बुधवार, दुपारी २.१०

वाचतोय. अवांतर, नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते. किनाऱ्यावर नाही, पण देश वाळवंटाचाच. फ्लशला घाबरणाऱ्यांना सांगा.

कन्हानकाठ | बुधवार, सायंकाळी ७.२५

तुमच्या १८० घराचं ७७ हजार लिटर नाल्यात नाही आलं तर मले तेवढीच हवा बरी लागेल. पण राजेहो, पाइपचं विसरू नका. सोसायट्या करतील त्या करतील. आम्हाले साफ पाणी कधी भेटल हे कोणीतरी सभागृहात विचारलं पायजे. मी ग्रामसभेत अर्ज देऊन राहिलो. कोणाले मसुदा लिहून देता येत असल तर द्या.

धंतोलीकर | बुधवार, सायंकाळी ७.५०

मी देतो लिहून. सरकारी पत्रव्यवहारात तीस वर्षं गेली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सूक्ष्मजीव | गुरुवार, सकाळी ७.१५

वाळवंटी काका, एक राहिलंच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्लशची लाइन आणि पिण्याची लाइन कुठं जोडली गेली नाही ना, ते एसटीपीचं पाणी सोडायच्या आधी तपासा. फ्लशच्या टाकीत साधं पाणी भरा, त्यात खाण्याचा निळा रंग घाला आणि प्रत्येक फ्लॅटमधला प्रत्येक नळ उघडून बघा. निळं पाणी फक्त फ्लशमध्येच दिसलं पाहिजे.

वाळवंटी_वऱ्हाडी | गुरुवार, सकाळी ७.४०

बरोबर. तिथं टीएसईचे नळ जांभळे असायचे, व्हॉल्व्हला कुलूप आणि शेजारी अरबी, इंग्रजी, उर्दूत पाटी, पिऊ नका. इथं सगळे नळ एकाच रंगाचे आहेत. आजच रंग आणतो.

वाळवंटी_वऱ्हाडी | रविवार, रात्री ९.३०

सभा झाली. ठराव ९७ विरुद्ध ३१ मतांनी पास. तुमच्या प्रतिसादांचे कागद छापून नेले होते. हिशेबनीसांचा हिशेब फळ्यावर मांडला, लालसमुद्र यांचा तलाव वाचून दाखवला तेव्हा सभागृह शांत झालं होतं. जास्वंद, तुळस, कढीपत्ता यांचा वाफा वेगळा ठेवायचं ठरावातच लिहिलं. ते ऐकून पहिल्या रांगेतल्या तीन आज्यांनी हात वर केले.

पण सांगायचं ते वेगळंच. सभेआधी काल शनिवारी आम्ही चौघांनी निळ्या रंगाची तपासणी केली. ए आणि सी विंग ठीक. बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एका घरी सुनेने वॉशबेसिनचा नळ उघडला आणि निळं पाणी आलं. त्या घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. त्याच्या दुधाच्या बाटल्या त्याच नळाखाली धुतात. बांधकामाच्या वेळीच कुणीतरी दोन्ही लाइन एका सांध्यात जोडून ठेवल्या होत्या, आणि आजवर फ्लशच्या टाकीतही टँकरचंच पाणी भरत असल्याने कुणाला कळलं नाही.

प्लंबर बुधवारी येतोय. बी विंगचे सगळे सांधे उघडून बघणार, फ्लशची लाइन जांभळी रंगवणार, पुन्हा रंग घालून तपासणार, आणि मगच ब्लोअर दुरुस्तीला देणार. सूक्ष्मजीव ताई, त्या बाळाच्या आईला तुमचा प्रतिसाद दाखवला. ती तुमच्याशी बोलू म्हणते, नंबर व्यनित पाठवतो.